रिकाम्या खुर्च्या आणि तुंबलेली दारे
महाविद्यालयीन कार्यक्रमांच्या नियोजनात आकडेवारीचे स्थान

उच्च शिक्षण संस्थेचे वर्ष केवळ तासिका आणि परीक्षा यांचे नसते. स्वागत समारंभ, चर्चासत्रे, कार्यशाळा, युवा महोत्सव, एकांकिका स्पर्धा, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन आणि अखेरीस दीक्षान्त समारंभ अशी कार्यक्रमांची साखळी जूनपासून मार्चपर्यंत सुरू असते. मुंबई आयआयटीचा १९७१ मध्ये सुरू झालेला 'मूड इंडिगो', मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा 'मल्हार' किंवा पुण्याचा पुरुषोत्तम करंडक हे उपक्रम तर त्या त्या शहराच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग झाले आहेत. या सर्वांमागे पैसा, मनुष्यबळ आणि वेळ मोठ्या प्रमाणावर खर्ची पडतो. तरीही सभागृह कोणते घ्यावे, खुर्च्या किती मांडाव्यात, जेवणाची ताटे किती सांगावीत, दारावर किती स्वयंसेवक उभे करावेत, हे निर्णय बहुतेक ठिकाणी 'गेल्या वर्षी साधारण एवढे आले होते' या आठवणीवर घेतले जातात.

आठवण ही मात्र फसवी गोष्ट आहे. गर्दीचा कार्यक्रम लक्षात राहतो, फसलेला सोयीस्करपणे विसरला जातो. शिवाय महाविद्यालयातील विद्यार्थी समिती दरवर्षी बदलते. ज्यांनी अनुभव घेतला ते उत्तीर्ण होऊन जातात आणि नवे विद्यार्थी त्याच चुका नव्याने करतात. ही विस्मृती भरून काढण्याचे साधन म्हणजे आकडेवारी. तिच्या पद्धतशीर वापरातून कार्यक्रम अधिक नेटके होतात, आणि काही वेळा प्राणहानीही टळू शकते.

कोणती माहिती लागते?

नियोजनाला उपयोगी पडणारी माहिती पाच प्रकारांत मांडता येते. पहिली नोंदणीची: किती जणांनी नावे दिली, केव्हा दिली, कोणत्या शाखेतून आणि वर्गातून दिली. दुसरी प्रत्यक्ष उपस्थितीची: किती आले, किती वाजता आले आणि किती वाजेपर्यंत थांबले. तिसरी जागेची: सभागृहाची क्षमता, दारांची संख्या व रुंदी, पायऱ्या, स्वच्छतागृहे. चौथी खर्चाची: अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत. पाचवी अभिप्रायाची: सहभागी झालेल्यांना काय वाटले आणि न आलेले का आले नाहीत.

यांतील पहिली आणि चौथी माहिती बहुतेक संस्थांकडे असते, कारण पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. दुसरी क्वचित असते. पाचवीचा शेवटचा भाग, म्हणजे न आलेल्यांविषयीची माहिती, जवळजवळ कोठेच नसते. वास्तविक सर्वांत मोलाची माहिती तीच आहे.

नोंदणी म्हणजे उपस्थिती नव्हे

विनामूल्य कार्यक्रमासाठी नाव नोंदवायला काहीच लागत नाही. त्यामुळे नोंदणी आणि उपस्थिती यांत मोठे अंतर पडते. विमान कंपन्यांनाही याच प्रश्नाने घेरले होते. तिकीट घेतलेले सर्व प्रवासी येत नाहीत हे ओळखून त्या आसनांपेक्षा अधिक आरक्षणे स्वीकारू लागल्या आणि त्यासाठीचे गणित विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. महाविद्यालयालाही तोच विचार साध्या रूपात करता येतो.

समजा, मागील कार्यक्रमांच्या नोंदींवरून असे दिसले की नाव नोंदवणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ६० येतात. ३०० नोंदी असल्या तर अपेक्षित उपस्थिती १८०. प्रत्येक जण स्वतंत्रपणे निर्णय घेतो असे मानले तर संख्याशास्त्रानुसार प्रत्यक्ष आकडा बहुतांश वेळा १६३ ते १९७ या दरम्यान राहील. म्हणजे २०० आसनांच्या सभागृहात ३०० नोंदी घेता येतात. नोंदी ३३० झाल्या तर अपेक्षा १९८ वर जाते आणि जागा अपुरी पडण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते.

येथे एक सावधगिरी हवी. विद्यार्थी एकेकटे ठरवत नाहीत, ते घोळक्याने ठरवतात. पाच मैत्रिणींपैकी एकीने बेत रद्द केला की पाचही खुर्च्या रिकाम्या राहतात. त्यामुळे प्रत्यक्ष चढउतार गणितातील चढउतारापेक्षा मोठा असतो आणि हात राखूनच अंदाज बांधावा लागतो. तसेच प्रत्येक प्रकारच्या कार्यक्रमाचे प्रमाण वेगळे असते. शुल्क असलेल्या कार्यशाळेला येणाऱ्यांचे प्रमाण आणि विनामूल्य व्याख्यानाला येणाऱ्यांचे प्रमाण एकत्र करून काढलेली सरासरी दोन्ही ठिकाणी चुकते.

तिथी आणि तारीख

'गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस व्याख्यानाला सभागृह भरले होते, यंदाही त्याच आठवड्यात घेऊ' हा युक्तिवाद महाराष्ट्रात हमखास चुकतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. म्हणजे दोन वर्षांत ती तीन आठवड्यांहून अधिक मागे सरकली. २०२४ मध्ये ऑगस्टचा जो शेवटचा आठवडा मोकळा होता, तोच २०२५ मध्ये आरास, पाहुणे आणि कोकणात गेलेले विद्यार्थी यांचा होता. नवरात्र आणि दिवाळी यांचेही तसेच. म्हणून उपस्थितीची तुलना इंग्रजी तारखांशी करण्यापेक्षा 'गणेशोत्सवाआधी किती दिवस', 'सत्र परीक्षेआधी किती आठवडे' अशा अंतरांशी करणे अधिक योग्य ठरते.

दुसरी अडचण कार्यक्रमांच्या टकरीची. एकाच विद्यापीठाची शेकडो संलग्न महाविद्यालये डिसेंबर-जानेवारीच्या मोजक्या आठवड्यांत स्नेहसंमेलने आणि महोत्सव उरकतात. तेच परीक्षक, तेच ध्वनिव्यवस्थावाले, तेच स्पर्धक सर्वांना हवे असतात. एका महाविद्यालयातही हीच गत असते. वाणिज्य मंडळाचे व्याख्यान आणि विज्ञान मंडळाची प्रश्नमंजूषा एकाच दुपारी ठेवली जाते आणि दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. सर्व विभागांचे मिळून एकच कार्यक्रम-पत्रक ठेवणे हा यावरचा उपाय. त्यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही, सर्वांना पाहता येईल असे एक एक्सेल पत्रक पुरते.

रांगेचे गणित

कार्यक्रम उशिरा सुरू होण्याचे कारण अनेकदा पाहुणे नसून प्रवेशद्वारावरील नोंदणी हे असते. समजा, ६०० जण अर्ध्या तासात येणार आहेत, म्हणजे मिनिटाला २०. एका मेजावर नाव शोधून सही घ्यायला ३० सेकंद लागतात, म्हणजे एक मेज मिनिटाला दोघांना मोकळे करते. चार मेजे असली तर मिनिटाला आठ जण आत जातील आणि बारा जण रांगेत साचत राहतील. अर्ध्या तासाने रांगेत ३६० जण असतील आणि शेवटच्याला आत जायला आणखी ४५ मिनिटे लागतील. स्वयंसेवकांनी कितीही धावपळ केली तरी हे टळणार नाही, कारण दोष मुळातील भागाकारात आहे.

यावर दोन मार्ग आहेत. मेजांची संख्या दहापर्यंत वाढवावी किंवा प्रत्येकाला लागणारा वेळ घटवावा. क्यूआर कोड वाचून तोच वेळ दहा सेकंदांवर आणला तर चार मेजे मिनिटाला २४ जणांना सोडतात आणि रांग साचतच नाही. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम येथे उपयोगी पडतो. रांगेतील सरासरी माणसे म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारी सरासरी मिनिटे. मिनिटाला २० येत असतील आणि प्रत्येक जण तीन मिनिटे थांबत असेल, तर रांगेत ६० जण असणारच. या ६० जणांना उभे राहायला सावलीची जागा कोठे आहे, हा प्रश्न आधीच विचारता येतो. याकरिता लागणारी माहिती एवढीच: एका माणसाला किती सेकंद लागतात. घड्याळ लावून वीस जणांची वेळ नोंदवली की ती मिळते.

जीवन-मरणाचा आकडा

येथपर्यंतचे प्रश्न गैरसोयीचे आहेत. गर्दीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळमधील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तंत्रमहोत्सवाच्या निमित्ताने गायिका निकिता गांधी यांचा कार्यक्रम खुल्या रंगमंडलात होणार होता. पाऊस सुरू झाला, बाहेर थांबलेला जमाव आत शिरण्यासाठी रेटला गेला आणि पायऱ्यांवर माणसे एकमेकांवर कोसळली. त्यात चौघांचा मृत्यू झाला, त्यांपैकी तिघे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. अनेक जण जखमी झाले.

अशा दुर्घटनांनंतर 'जमाव बेभान झाला' असे म्हटले जाते. गर्दीचा अभ्यास करणारे मात्र आधी जागेकडे पाहतात. उभ्या प्रेक्षकांसाठी दर चौरस मीटरला चार माणसे ही सुरक्षिततेची ढोबळ मर्यादा मानली जाते. त्यापुढे घनता वाढत गेली की माणसाची हालचाल त्याच्या इच्छेवर राहत नाही. जमाव द्रवासारखा वाहू लागतो आणि एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ रोजी अरुंद उताराच्या गल्लीत असेच घडले आणि त्या दुर्घटनेत १५९ जणांचा बळी गेला. मृतांत तरुणांची संख्या मोठी होती.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत बाहेर पडण्याच्या वाटेचे माप दिले आहे. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला अधिकाधिक ८२ माणसे आणि पायऱ्यांवर ६६ माणसे जाऊ शकतात. हा हिशेब कोणत्याही महाविद्यालयाला करता येतो. १,००० जणांच्या सभागृहाला प्रत्येकी दोन मीटर रुंदीची दोन सपाट दारे असतील तर ते सुमारे तीन मिनिटांत रिकामे होते. 'बाहेरची मुले घुसू नयेत' म्हणून त्यांतील एका दाराला कुलूप लावले की हाच वेळ सहा मिनिटांवर जातो. उरलेल्या दारापुढे पायऱ्या असल्या तर साडेसात मिनिटांहून अधिक. आग किंवा अफवा एवढी वाट पाहत नाही. कुलूप लावण्याचा निर्णय शिस्तीसाठी घेतला जातो, त्याची किंमत मिनिटांत मोजली तर तो बहुधा घेतला जाणार नाही.

मैदानासाठीही असाच हिशेब आहे. १,५०० चौरस मीटरच्या मैदानात कागदोपत्री ६,००० माणसे मावतात. परंतु रंगमंच, ध्वनियंत्रणा, खाद्यपदार्थांचे ठेले आणि येण्या-जाण्याच्या वाटा वजा केल्या की क्षमता बरीच खाली येते. शिवाय सरासरी येथे दिशाभूल करते. मैदानाचा मागचा भाग मोकळा आणि रंगमंचासमोरचा भाग खचाखच असतो, आणि धोका समोरच्या भागात असतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत सूचना दिल्या आहेत. त्या कार्यालयाच्या कपाटात राहू नयेत, एवढीच अपेक्षा.

न आलेल्यांची नोंद

एखादे व्याख्यान सायंकाळी साडेपाचला ठेवले आणि उपस्थिती कमी झाली, तर 'आजच्या मुलांना गांभीर्य नाही' असा निष्कर्ष काढणे सोपे असते. उपस्थितीची नोंद तासागणिक आणि विद्यार्थ्यांच्या निवासस्थानानुसार पाहिली तर वेगळे चित्र दिसू शकते. तालुक्याच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी सव्वासहाला सुटत असेल, तर सहा वाजता सभागृह का रिकामे होते हे कोणी सांगावे लागत नाही. 'कमवा व शिका' योजनेत काम करणारे, सकाळचे महाविद्यालय करून दुपारी दुकानात उभे राहणारे, घरी लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुली हे सर्व उपस्थितीच्या यादीत नसतात आणि अभिप्राय अर्जातही नसतात. कारण अर्ज सभागृहात अखेरपर्यंत बसलेल्यांनाच वाटले जातात. साहजिकच ९० टक्के अभिप्राय 'उत्तम' येतात. जे कंटाळून किंवा नाइलाजाने उठून गेले, त्यांचे मत मोजलेच जात नाही.

म्हणून आकडेवारीचा खरा उपयोग एकूण संख्या मोठी दाखवण्यात नसून ती फोडून पाहण्यात आहे. मुली किती, वसतिगृहातील किती, बाहेरगावचे किती, दिव्यांग विद्यार्थी किती? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, तरी पहिल्या मजल्यावरील सभागृहात कार्यक्रम ठेवताना चाकाच्या खुर्चीचा विचार बहुधा होत नाही. नोंदणी अर्जात 'आपल्याला काही विशेष सोय हवी आहे काय?' हा एक प्रश्न घातला तरी सभागृह बदलण्याला वेळ मिळतो.

आकड्यांचे आजार

आकडेवारीला स्वतःचे दोषही आहेत. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने १९७५ पासून ओळखला जाणारा एक विचार असा, की एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप उरत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या मूल्यमापनात चर्चासत्रे आणि कार्यशाळांची संख्या मागितली जाऊ लागली. हेतू योग्य होता. परंतु संख्येला गुण मिळतात म्हटल्यावर दोन तासांच्या तीन कार्यशाळा एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. हजेरी सक्तीची करून आणि प्रमाणपत्राचे आमिष दाखवून भरलेले सभागृह कागदावर यशस्वी दिसते. अशा ठिकाणी मोजायचेच तर मध्यंतरानंतर किती परतले, किती प्रश्न विचारले गेले, पुढच्या कार्यक्रमाला त्यांतील किती जण आपणहून आले, हे मोजावे.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. नोंदणी अर्जात जन्मतारीख, घरचा पत्ता, पालकांचा दूरध्वनी, आधार क्रमांक असे जे सुचेल ते मागण्याची सवय पडली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. माहिती कोणत्या कामासाठी हवी ते स्पष्ट सांगणे, त्या कामापुरतीच घेणे आणि काम संपल्यावर ती नष्ट करणे ही त्यामागील तत्त्वे आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्तींना हा कायदा बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती अपेक्षितो. महाराष्ट्रात अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालये जोडलेली आहेत, त्यामुळे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न येथे थेट उपस्थित होतो. व्याख्यानाला किती खुर्च्या मांडायच्या हे ठरवण्यासाठी कोणाचाही आधार क्रमांक लागत नाही. प्रायोजकाला विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक परस्पर देणे तर सर्वथा अनुचित होय.

सुरुवात कोठून करावी?

यासाठी स्वतंत्र विभाग किंवा महागडी संगणक प्रणाली लागत नाही. एक नोंदवही अथवा एक्सेल पत्रक पुरेसे आहे. त्यात प्रत्येक कार्यक्रमानंतर ४८ तासांच्या आत दहा गोष्टी नोंदवाव्यात: दिनांक व वार, सुरू होण्याची ठरलेली व प्रत्यक्ष वेळ, जागा व तिची क्षमता, नोंदणी, सुरुवातीची उपस्थिती, अखेरची उपस्थिती, रांगेत लागलेला कमाल वेळ, सांगितलेली व उरलेली ताटे, अंदाजित व प्रत्यक्ष खर्च, आणि अडचणींविषयी चार ओळी. अखेरची उपस्थिती मोजायला राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन स्वयंसेवक पुरतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असते. संलग्न महाविद्यालयांच्या अशा नोंदी नावे वगळून एकत्र केल्या तर कोणत्या आठवड्यात कार्यक्रमांची गर्दी होते, कोणत्या वेळी विद्यार्थिनींची उपस्थिती घटते, हे संपूर्ण विद्यापीठ क्षेत्रासाठी दिसू शकेल. पहिल्या वर्षी या पत्रकातून फारसे काही निष्पन्न होणार नाही. दुसऱ्या वर्षी तुलना सुरू होईल. तिसऱ्या वर्षी नव्या समितीच्या हाती असा दस्तऐवज पडेल, जो आज एखाद्या जुन्या शिपायाच्या किंवा निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाच्या डोक्यात असतो.

आकडे कार्यक्रम रंगवत नाहीत. ते काम वक्त्याचे, नटाचे, गायकाचे आणि उत्साही विद्यार्थ्यांचेच आहे. परंतु त्या रंगलेल्या कार्यक्रमातून शेवटचा विद्यार्थी, दुसरे दार उघडे असल्यामुळे, सुखरूप बाहेर पडून आपली एसटी गाठू शकला की नाही, याचे उत्तर नोंदवहीत असले पाहिजे.